मथुराने निवडलेली गोष्ट

रत्नागिरीच्या वाचनालयात दर शनिवारी दुपारी बायकांचं चर्चामंडळ भरे. कोणती गोष्ट वाचायची, कोणता बोलपट एकत्र बघायचा, हे ठरवायचं मुलींच्या शाळेत शिकवणाऱ्या मथुराने. पौराणिक बोलपट बघून बायका डोळे पुसत घरी जात. बोलायला काही उरत नसे. म्हणून या खेपेस तिने मुंबईच्या एका मासिकातली गोष्ट निवडली. अनाथाश्रमातून एक मुलगी पळते. आश्रमाच्या नावाला बट्टा लागू नये म्हणून तिथल्या मुख्य बाई 'मुलगी आजारी आहे' असं सांगतात आणि फाटकाला कुलूप घालतात. चूक कुणाची, यावर चांगली खडाजंगी होईल, असं मथुराला वाटलं.

अंक घरोघर फिरला. शेजारची मालन मधल्या दगडी गडग्यावरून म्हणाली, "अगो, सोनूबाईंच्या आश्रमालाही कुलूप असतं. त्यांना टोचायला निवडलीस की काय?"

हे मथुराच्या ध्यानातच आलं नव्हतं. सोनूबाई मंडळाच्या अध्यक्षा, आणि गावातला अनाथाश्रमही त्याच चालवीत. नवरा गेल्यावर मथुराला शाळेत नोकरीला लावलं तेही त्यांनीच. ती तशीच त्यांच्याकडे धावली.

"गोष्ट बदलते. तंबूत नवा बोलपट आलाय, तो बघू."

"मी वाचली ती. शनिवारी तीच घे," म्हणून त्या आत गेल्या.

शनिवारी मथुराने गोष्ट वाचली. सगळ्यांआधी सोनूबाईच बोलल्या.

"बाई खोटं बोलली, ते वाईटच. पण मुलगी का पळाली, हे तिने बाकीच्या मुलींना विचारलंच नाही. मीही माझ्या मुलींना काय हवंय ते कधी विचारलं नव्हतं. काल विचारलं."

"काय म्हणाल्या?" मंडळातल्या राहीने विचारलं.

"एकीला राजापूरच्या मावशीला भेटायचंय. बाकीच्यांना समुद्रावर जायचंय. एवढंच! मी कुलूप काढतेय."

"आणि एखादी खरंच पळून गेली तर?" राही म्हणाली. " गाव तुम्हालाच बोलेल."

"बोलेल. पण गावाच्या भीतीने मुलींना कोंडायचं का?"

मग जी तोंडं सुटली, ती दिवेलागणीपर्यंत मिटली नाहीत. राही शेवटपर्यंत कुलपाच्या बाजूने भांडली.

जिन्यात मथुरा सोनूबाईंना हळूच म्हणाली, "मला वाटलं, तुम्ही रागावलात."

"रागावले होते गो! पण तोंडावर मला कोण विचारणार होतं? गोष्टीने विचारलं, बरं झालं."

मथुराला एकदम हसू फुटलं. सकाळपासून घशाखाली घास उतरला नव्हता. आता मात्र तिला सपाटून भूक लागली.