उत्तर तीरावरचे रंगारी

गळ्यातल्या कार्डाचा कोपरा सूपमध्ये बुडणार, तेवढ्यात तिने तो वर उचलला. हिरवं कार्ड. निबंध वाचणाऱ्यांना पांढरं, सोबत आलेल्यांना हिरवं. कुणी ठरवलं असेल बरं हे... आणि हिरवंच का... असलं काहीबाही ती मनात घोळवत राहिली, कारण समोर व्यासपीठावर तिचा नवरा बोलत होता, आणि आत्ताच, तिचा चमचा तोंडाशी असताना, तो म्हणाला होता, "रंगाऱ्यांची वस्ती नदीच्या उत्तर तीरावर होती."

उत्तर तीरावर.

इतिहासकारांच्या या परिषदेत दुपारचं भाषण जेवता जेवता ऐकायचं असतं. लोक चावतात, वक्ता बोलतो, त्याचं ताट बिचारं झाकून ठेवलेलं असतं. मान मोठा, पण जेवण गार. काट्याचमच्यांच्या खणखणाटात एखादं वाक्य निसटून गेलं तरी कुणाला पत्ता लागत नाही. तिला लागला होता.

वस्ती दक्षिण तीरावर होती. उत्तरेला शहर, आणि नदीपलीकडे, दक्षिणेला, रंगारी. जुन्या नकाशात फक्त नदी आणि वस्ती, दक्षिण वरच्या बाजूला काढलेली, दिशेचा बाण कागदाच्या घडीखाली दबलेला — घडी उलगडली नाही तो वरची बाजू उत्तर समजून फसणारच. ती फसली होती. कितीतरी वर्षांपूर्वी, स्वतःच्या प्रबंधाच्या कच्च्या खर्ड्यात, शहराने रंगाऱ्यांना कसं पोटाशी धरलं यावर तिने पानंच्या पानं लिहिली होती... आणि मग एका दुपारी दप्तरखान्यात ती घडी सरळ केली, बाण दिसला, आणि ती एकटीच खुदकन हसली — अगं वेडे, त्यांना तर नदीपार हाकललं होतं! घरी जाऊन सगळं नव्याने लिहायचं होतं. त्याच आठवड्यात सासऱ्यांनी अंथरूण धरलं, आणि मग राहिलं ते राहिलंच. खर्डा कपाटात गेला, चुकीसकट.

म्हणजे त्याने नकाशा पाहिलाच नव्हता. त्याने कपाट पाहिलं होतं.

आता राग यायला हवा. ती वाट बघत बसली. येईल, हे वाक्य संपलं की येईल... तिने पाव मोडला, लोणी लावलं. काही नाही. दातांच्या डॉक्टरने सुई दिली की गाल आपला राहत नाही, तसं आतून सगळं. मी इथे बसले आहे, माझीच वाक्यं त्याच्या तोंडून ऐकते आहे, आणि मला लोणी जरा खारट लागतंय, एवढंच. मागितलं असतंस तर दिलं नसतं का रे? का मागायचंसुद्धा सुचलं नाही — आपल्या घरात तुझं-माझं कधी नव्हतंच म्हणून? त्याची टिपणं तिने लावली, संदर्भ तपासले, तेव्हा तो प्रत्येक वेळी म्हणायचा, आपलं पुस्तक. मुखपृष्ठापर्यंत पोचेस्तोवर ते त्याचं झालेलं असायचं. तिला तेव्हा त्याचं काही वाटलं नव्हतं. की वाटलं होतं...

शेजारी बसलेले निवृत्त प्राध्यापक — त्यांना सगळे पाठीमागे 'तळटीप' म्हणत — तिच्याकडे झुकले.

"काय वहिनी, पहिला प्रश्न तयार ना?"

आणि त्यांनी डोळा मिचकावला. सगळ्या परिषदेला ठाऊक होतं. भाषणानंतर सभागृह मुखदुर्बळ होऊन बसू नये म्हणून पहिला प्रश्न तीच विचारायची, आणि तो प्रश्न सकाळच्या चहाबरोबर तिला नवराच द्यायचा.

"तयार आहे," ती म्हणाली.

टाळ्या झाल्या. माइक हातोहात तिच्यापर्यंत आला. तो तिच्याकडे बघून निवांत हसला, घरी सोफ्यावर टेकताना हसतो तसा. आणि तिच्या जिभेवर दोन प्रश्न उभे राहिले, एक त्याने सकाळी दिलेला, एक तिचा स्वतःचा. नकाशा तुम्ही स्वतः पाहिलात का? इतकंच विचारायचं. तळटीपसरांचा घास हातात राहिला असता. त्याचा चेहरा... तो चेहरा तिने मनाशी रंगवून पाहिला, मोठ्या कुतूहलाने, परक्या माणसाचा असावा तसा. आणि मग स्वतःचाच आवाज तिला ऐकू आला.

"रंगाऱ्यांच्या बायकांविषयी काही पुरावा मिळतो का?"

"फार चांगला प्रश्न," तो म्हणाला, आणि त्याने दिलेलं उत्तरही खर्ड्यातलंच होतं, शेवटच्या प्रकरणातलं.

लोक पांगले. तो आपलं झाकलेलं ताट घेऊन तिच्याशेजारी येऊन बसला, आणि आवाज खाली आणून त्याने नेहमीचं विचारलं, जे तो जगात दुसऱ्या कुणालाही विचारत नसे.

"कुठे घसरलो का गं? खरं सांग. पुढच्या आठवड्यात पुस्तक छापायला जातंय."

प्रत्येक वेळी ती सांगायची. सन चुकलाय, आडनाव चुकलंय, हे वाक्य काढ. तो मुकाट्याने काढायचा, आणि म्हणूनच आजवर छापलेल्यात त्याची एकही चूक कुणाला सापडली नव्हती. तो थांबला होता, काटा हातात धरून, निकालाची वाट बघणाऱ्या पोरासारखा.

"नाही," ती म्हणाली. "छान झालं."

त्याने सुस्कारा सोडला. ताटावरचं झाकण काढलं आणि गार झालेलं जेवण तो चवीने खाऊ लागला. तोंडात घास असतानाच त्याने तिच्या हातावर हात ठेवला. इतक्या वर्षांत ती त्याच्याशी पहिल्यांदा खोटं बोलली होती, आणि ते किती सहज जमलं, याची तिला आता हळूहळू भीती वाटू लागली.