दुपारच्या झोपेची ठेव

नारायण पेठेतल्या त्या पतसंस्थेत पैसे ठेवत नाहीत, दुपारची झोप ठेवतात. निवृत्तीनंतर गोपाळकृष्ण रोज जेवून तिथे जात, झोप जमा करत आणि संध्याकाळपर्यंत टक्क जागे राहत. मुलीला, कल्याणीला, बाळ झालं की तिला ती द्यायची, एवढाच हेतू.

बाळ झालं. ते रात्रीही झोपेना, दिवसाही. कल्याणीने परवा चहात मीठ घातलं. काल चहात चहाच घातला नाही. आज गोपाळकृष्ण तिला आणि बाळाला घेऊन कोथरूडहून रिक्षाने आले, तेव्हा एक वाजत आला होता.

"ठेव मोडायची आहे," ते खिडकीतल्या दीपमालाबाईंना म्हणाले. "हिला द्यायचीय. नॉमिनी आहे ती."

"नॉमिनीला आपल्यानंतर मिळते, काका. आपण हयात दिसता."

"दिसतो खरा."

"जॉइंट खातं उघडा म्हटलं होतं मी. आपण म्हणालात, मला शिकवू नका."

गोपाळकृष्णांनी चष्मा पुसला.

"मग त्यांची त्यांनाच द्या," कल्याणी म्हणाली. "बाबा घोरत असले की बाळ त्यांच्या पोटावर झोपतं. पण ते दिवसा झोपतच नाहीत, आणि रात्री बाळाला दर तासाला दूध लागतं."

"मुदतीआधी मोडलीत तर व्याजाच्या डुलक्या मिळणार नाहीत."

"नकोत."

गोपाळकृष्णांनी सही केली. पेनाला टोपण लावायच्या आत ते बाकावर आडवे झाले आणि घोरू लागले. कल्याणीने बाळ त्यांच्या पोटावर ठेवलं. तेही झोपलं. तिचे डोळे मिटू लागले.

"अहो, इथे खात्याशिवाय झोपता येत नाही."

"मग कर्ज द्या."

"कशासाठी?"

"झोपायला."

"जामीनदार?"

कल्याणीने वडिलांकडे बोट दाखवलं.

"जामीनदार जागा हवा."

तेवढ्यात एक वाजला. दीपमालाबाईंनी शटर आतून ओढलं, खणातून उशी काढली आणि टेबलावर डोकं टेकलं. नियम सांगणारं कुणी उरलं नाही. कल्याणीने वडिलांच्या पायाशी डोकं ठेवलं.

चार वाजता दीपमालाबाई उठल्या. कल्याणी गाढ झोपेत होती. त्यांनी तिच्या नावे कर्ज मांडलं आणि जामीनदारासाठी आजूबाजूला पाहिलं. गोपाळकृष्णांच्या पोटावर बाळ डोळे उघडे ठेवून पंख्याकडे बघत होतं.

दीपमालाबाईंनी शाईची डबी उघडली आणि त्याचा अंगठा हळूच तोंडातून काढला.