पालथा हात

"रुहिग, फ्राऊ कोलेकार. गान्झ रुहिग."

शांत. अगदी शांत. शेजारच्या सीटवरून ड्रायव्हिंग स्कूलचे प्रशिक्षक ब्रेनर गेले सात महिने हेच सांगत होते. आज मागच्या सीटवर परीक्षक टॅब मांडीवर घेऊन बसला होता, आणि कुंदा कोळेकरच्या तळहातांना एवढा घाम सुटला होता की स्टिअरिंग हातातून सुटतंय की काय, असं तिला वाटत होतं.

शांत राहा म्हणणाऱ्याच्या बापाचं काय जातंय? मिरजेच्या इस्पितळात एकवीस वर्षं नर्स होती ती. ट्रकखालून काढलेली माणसं तिनं हातांवर झेलली होती. तिथं तिला कुणी शांत राहा म्हणालं नव्हतं. कुंदा शांत असते म्हणून तर डॉक्टर तिलाच हाक मारायचे. मग चाळिशी उलटल्यावर जर्मनीत, डार्मश्टाटला आली, नेटानं जर्मन शिकली, नर्सिंगची परीक्षा पुन्हा दिली. आता म्हाताऱ्यांच्या घरी जाऊन सेवा करणाऱ्या एका संस्थेनं तिला घेतलं होतं. डोंगरातल्या गावांत अकरा घरं, आणि बस दिवसातून दोनदा. सध्या एक सहकारीण आपल्या गाडीतून तिला नेत होती. पण तीस तारखेपर्यंत लायसन्स नाही, तर नोकरी नाही. मिरजेचं लायसन्स इथं सहा महिने चाललं, पुढे नुसता कागद. दोनदा ती नापास झाली होती. आज चोवीस तारीख होती.

सकाळी नवऱ्यानं, विलासनं, चहा पुढे ठेवला होता.

"जास्त विचार करू नको. स्कूटी चालवत होतीस ना? तसंच समज."

"अहो, मग रविवारी सरावाच्या मैदानात बोंबलत कशाला होता? ब्रेक, ब्रेक!"

"तू टायरच्या ढिगावर निघालेलीस. मी काय आरती म्हणू?"

"ढीग पन्नास फुटांवर होता!"

"बरं बाई. पण आज शांत राहा हं."

तोच शब्द. कप तसाच ठेवून ती निघाली होती.

अर्धा तास मात्र बरा गेला. चौक पार पडले, ट्रामचे रूळ पार पडले, गाडी मागे घेऊन लावणंसुद्धा जमलं. मग परीक्षकानं उजवीकडे वळायला सांगितलं. अरुंद गल्ली, दोन्ही बाजूंना उभ्या गाड्या, मधे जेमतेम एका गाडीपुरती वाट. समोरून पांढरी डिलिव्हरी व्हॅन आली, थांबली, आणि तिनं दोनदा हेडलाइट मारले.

कुंदाचा पाय ब्रेकवर गेला. मिरजेत समोरच्यानं लाइट मारला की अर्थ एकच: बाजूला हो, मी येतोय. इथल्या पुस्तकात लिहिलं होतं की लाइट हा धोक्याचा इशारा. आणि इथले लोक लाइट मारतात ते 'तुम्ही आधी जा' म्हणायला. ब्रेनरनी एकदा सांगितलंही होतं. पण आयुष्यभराचा पाय काय एका वाक्यानं सुधारतो?

व्हॅन हलेना. मागच्या गाडीनं हॉर्न दाबला. इथं हॉर्न म्हणजे शिवीच.

"रुहिग," ब्रेनर पुटपुटले.

तिनं हात वर केला, तळवा खाली धरला, बोटं हलवली. ये बाबा, ये, तूच आधी ये.

व्हॅनवाल्यानं डोळे वटारले, तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणाला आणि गाडी मागे घेतली. धप्प आवाज झाला. किंकाळी आली. व्हॅनच्या आडून सायकलचं एक चाक गरगरत बाहेर आलं.

कुंदा दार उघडून धावली. पुढचं तिला नीट आठवत नाही, पण हातांना आठवतं. सत्तरीतली बाई, कपाळ फुटलेलं, डावं मनगट वाकडं. गळ्यातला स्कार्फ जखमेवर दाबला, मान हलू दिली नाही, मनगट मांडीवर टेकवलं. बाई थरथर कापत होती.

"आत्मेन, श्वास घ्या. रुहिग. गान्झ रुहिग."

तिचा आवाज खोल, सावकाश निघाला. बाईचा श्वास हळूहळू संथ झाला. कुंदाचा हात काही तिनं सोडला नाही, थेट ॲम्ब्युलन्स येईपर्यंत. व्हॅनवाला एकीकडे ओरडतच होता, "हिनंच मागे जा म्हणून खूण केली!"

"मी? मी तर ये म्हणाले!"

ब्रेनरनी तिच्यासारखाच पालथा हात करून बोटं हलवली. "इथं याचा अर्थ, चल, मागे हो." मग हात उताणा करून बोटं आत ओढली. "ये म्हणजे असं."

सात महिन्यांत हे कुणालाच सुचलं नव्हतं. सांगायचं काय, तर शांत राहा.

परीक्षकानं टॅबवरचा निकाल वाचला: नापास. चालकाला गोंधळात टाकणारी खूण. मागे न बघता दार उघडणं. हँडब्रेक न लावता, इंजिन चालू ठेवून गाडी सोडणं. प्रशिक्षकाला ब्रेक दाबावा लागला. "आल्झो, म्हणजे..." तो घुटमळला, "तुम्ही त्या बाईंना फार छान सांभाळलंत, फ्राऊ कोलेकार. पण ते इथं भरता येत नाही." खरंच येत नव्हतं. त्या टॅबवर तशी चौकटच नव्हती.

परत जाताना गाडी ब्रेनरनी घेतली. कुंदा त्यांच्या सीटवर बसली. स्कार्फ त्या बाईबरोबर गेला होता, नखांत रक्त वाळलं होतं. फोनवर विलासचा मेसेज आला: 'झाली का पास? शांत राहिलीस ना?'

तिनं फोन पालथा ठेवला.

पायांखाली काहीतरी टणक लागलं. तिनं वाकून पाहिलं. शिकवणाऱ्याचा ब्रेक, शिकवणाऱ्याचा क्लच. जरा पाय पडला असता तर गाडी थांबली असती. कुंदानं दोन्ही पाय मागे घेतले, सीटला घट्ट टेकवले, आणि ड्रायव्हिंग स्कूल येईपर्यंत ते तसेच धरून ठेवले.