शाळा सोडण्याचं कारण

माझी धुरपदा आठ वर्सांची व्हईस्तवर दौंडच्या फलाटावर तिच्यासारखं वरडणारं कुनी नव्हतं. पेरूची पाटी माझ्या डोक्यावर, आन् वरडायचं काम तिचं. मेल थांबली की "पेरूघ्यागोडपेरू" असं एका दमात करत खिडक्यांखालनं पळायची. आतली झोपलेली मानसं उठून बसायची.

मग एकसष्ट सालात तिच्या बापानं तिला शाळंत घातलं. पोरगी वाचाय लागली आन् तिथंच माझा धंदा बसला. खिडकीपुढं हुबी ऱ्हायची, डोळं बारीक करायची, मग एकेक शब्द सुटा काढायची. "पेरू. घ्या. गोड. पेरू." तवर गाडी हलायची.

"अगं भवाने, आभाळात काय बघतीस?"

"आई, आधी अक्षरं दिसत्यात. मग बोलाय येतंय."

"मग अक्षरंच खा आज!"

एक दिवस माझं डोकंच फिरलं. तिला दंडाला धरून शाळंत नेली. हेडमास्तर सोपानराव बसलेलेच व्हते.

"नाव काढा हिचं," मी म्हनले.

त्यांनी मोठं रजिस्टर उघडलं. "शाळा सोडण्याचं कारण?"

"पयली फाडफाड बोलायची. तुमच्या शाळंत येऊन पोरगी मंद झाली. लिवा तसंच!"

मास्तरांनी वाद घातला न्हाई. घातला असता तर मी नरमले बी असते. गुमान टाक दौतीत बुडवला, लिवलं, शाई टिपली.

धुरपदा टेबलाला नाक लावून हुबी व्हती. ती वाचाय लागली, फलाटावर बोलायची तशीच थांबत थांबत.

"मुलगी. मंद. आहे. असे. आईचे. म्हणणे."

आई गं! तेच मी तिला दिवसातनं धा येळा म्हनत व्हते. रागात बोललेलं कोन ध्यानात ठिवतंय? पन पोरगी एका शब्दावर थांबायची, मग दुसरा काढायची, आन् मला एक बी चुकवता येईना. लाज वाटली मला. लई लाज वाटली.

"मी मंद न्हाई," धुरपदा मास्तरांना म्हनली. "खोडा ते."

"रजिस्टरात खाडाखोड चालत नाही, बाळ. लिहिलं ते लिहिलं."

पोरीनं टेबलावरचा टाक उचलला आन् त्या वळीवर ह्या टोकापास्नं त्या टोकापत्तुर रेघ वढली. इतकी दाबून, की कागद फाटला.

मास्तर ताडकन उठले. "सरकारी रजिस्टर आहे हे! कुणी सांगितलं तुला असं करायला?"

धुरपदानं टाक खाली ठिवला. तिनं माझ्याकडं बघितलं.

"म्या सांगितलं," मी म्हनले. "नाव ऱ्हाऊ द्या तिचं. माझं काय करायचं ते करा."

पोरगी माझ्याकडं बघतच ऱ्हायली. म्या तिला काय बी सांगितलं नव्हतं. सांगाय पायजे व्हतं.