कामगारांचा बाप

थ्रॉलला जिवंतपणीच स्वतःच्या थडग्याचा दगड घडवून घ्यायची हौस आली, तेव्हा दगड कोरणाऱ्या होझियाच्या मनात आलं, मेला त्याखाली आजच गाडला गेला तर बरं. कोण कुठला दुकानात साखर तोलणारा पोरगा. संगमरवराच्या खाणीचा मालक झाला, पैशाच्या जोरावर अमेरिकेतल्या व्हर्माँट राज्याचा गव्हर्नर झाला. आणि गव्हर्नर होऊन केलं काय, तर आपल्याच खाणीतला संप मोडायला बंदूकवाले शिपाई धाडले. तीन तरणी पोरं गेली. त्यांतला एक होझियाचा मुलगा एसा. वर थ्रॉलने बजावलं, बंडखोरांच्या थडग्यांना माझ्या खाणीतला दगड मिळणार नाही. पोरं तशीच बिननावाची मातीत पडली.

आता होझियासारखा कोरणारा दुसरा नाही, म्हणून स्वारी त्याच्याच शेडमध्ये आली. मजकूर सांगितला: दुकान, खाण, गव्हर्नरपद आणि तळाशी, 'कामगारांचा बाप'.

"बाप?" होझियाने विचारलं.

"मग पोटाला कोण घालतं तुमच्या? राहतोस ते घरही माझंच आहे, ध्यानात ठेव."

होझियाची बायको लोविना अंथरुणाला खिळलेली. थंडीत तिला घेऊन जायचं कुठे? पण तीच म्हणाली, "कोर. आणि बापाखाली जे येतं तेही कोर. घराचं बघू."

कब्रस्तानात दगडाच्या अनावरणाला सारं गाव लोटलं. कापड ओढलं गेलं. पाद्रीबाबा मोठ्याने वाचत गेले, 'कामगारांचा बाप' आलं आणि त्याखालची तीन नावंही त्यांनी वाचली. एसाचं पहिलं.

थ्रॉल लालबुंद झाला. "हे कुणी सांगितलं तुला?"

"सांगायचं काय त्यात, साहेब? बापाआधी गेलेल्या लेकरांची नावं बापाखालीच कोरतात. तुमच्या आजोबांच्या दगडावर नाहीत? बाप व्हायची हौस तुमची."

मागे कुणीतरी फिसकन हसलं.

"अंधार पडायच्या आत घर खाली कर," थ्रॉल म्हणाला. नावं तासून काढायलाही फर्मावलं, पण गावातला एकही कारागीर छिन्नी उचलेना.

होझियाने लोविनाला गादीसकट गाडीत घातलं. कब्रस्तानाशी तिने गाडी थांबवायला लावली. त्याने उचलून थ्रॉलच्या दगडापाशी नेलं, तेव्हा एसाच्या नावावरून ती कितीतरी वेळ हात फिरवत राहिली. रडली नाही.

"खोल गेलंय ना?" तिने विचारलं.

"दगड फोडल्याशिवाय निघायचं नाही."

"मग फोडू दे मेल्याला स्वतःचाच दगड," ती म्हणाली. "चल आता, गारठा वाढतोय."