सत्यभामाची येझदी

सत्यभामानं गाडीवर झाकलेली जुनी साडी ओढून काढली, तसे फुलंब्रीहून ती बघायला आलेले कडूबा तुपे पुढं सरकले. येझदीच्या लाल टाकीवर एक ओरखडा नव्हता. मडगार्डात त्यांना स्वतःचा चेहरा दिसत होता. त्यांनी खाली बसून दोन्ही सायलेन्सरवरून हात फिरवला.

"ताई, ही गाडी खरंच इतकी वर्षं उभी व्हती?"

"उभीच व्हती. मी पुसायचे."

"लई जीव दिसतो तुमचा हिच्यावर."

सत्यभामा साडीची घडी घालू लागली.

जीव नव्हता, भीती होती. गाडी मूळची तिच्या वडिलांची. ते फुलंब्रीकडं एका शाळेत गुरुजी होते आणि त्यांच्या वस्तीत मोटारसायकल घेणारे पहिले. ते गेल्यावर गाडी तिच्या नावावर झाली, पण चालवली कायम तिच्या नवऱ्यानं, इंद्रजीतनं. एकदा तिच्या बांगडीचा टाकीवर बारीकसा ओरखडा उठला, तर त्यानं गाडी चालू करून ठेवली, सायलेन्सर तापू दिला आणि तिचा हात त्यावर दाबून धरला. ओरखडा त्यानं पॉलिश करून घालवला. तिच्या हातावरचा डाग राहिला.

पुढं तो बिडकीनला दुसरं घर करून राहू लागला. जाताना गाडी इथंच ठेवली आणि बजावून गेला, "गाडीवर धूळ दिसली तर तुझी धडगत नाय." दर दिवाळीला यायचा, मडगार्डाखालून बोट फिरवायचा आणि बोट काळं झालं की कमरेचा पट्टा काढायचा. मुलगी रूपाली मोठी झाली. एका दिवाळीला ती दारात आडवी उभी राहिली, पोलिसांना फोन लावते म्हणाली, तेव्हापासून त्याचं येणं थांबलं. सत्यभामाचं पुसणं मात्र थांबलं नाही. रविवार आला की हात आपोआप फडक्याकडं जायचा.

आता गारखेड्यातल्या तिच्या घरात जेवणाच्या डब्यांचा धंदा मावत नव्हता. दुसरी शेगडी ठेवायला जागा हवी होती. रूपालीनंच गाडीचे फोटो काढून विक्रीसाठी मोबाईलवर टाकले होते. आज ती सकाळीच लॅबमध्ये कामाला गेली होती.

कडूबांनी गाडी अंगणात घेतली, प्लग काढून घासला, सोबत आणलेलं ऑइल घातलेलं पेट्रोल टाकीत ओतलं. बऱ्याच किका मारल्यावर गाडी भडकन चालू झाली. निळा धूर अंगणभर पसरला. त्या आवाजासरशी सत्यभामा मागं हटली. ती सरकत सरकत स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी गेली. आत चटणीचे शेंगदाणे खलबत्त्यात अर्धवट कुटलेले पडले होते.

"आवाज ऐका, ताई, आवाज!" कडूबा खुशीत ओरडले.

त्या आवाजात फाटक वाजलेलं कुणाला कळलंच नाही. इंद्रजीत आत येऊन उभा होता. केस पिकले होते, पण खांदे तसेच रुंद होते. फोटो फिरत फिरत बिडकीनपर्यंत पोचले होते.

त्यानं पुढं होऊन चावी फिरवली. इंजिन बंद पडलं.

"कुणाला इचारून इकायली गं?"

"गाडी माझ्या बापाची हाय." ती उंबऱ्यावरूनच म्हणाली.

पहिली थप्पड कानावर बसली. मग त्यानं तिचा अंबाडा धरला, तिला अंगणात फरफटत आणलं आणि तिचं कपाळ टाकीवर आपटलं. "बापाची काय? पूस! पूस आता!" पुन्हा आपटलं. टाकीला पोचा पडला. लाल रंगावर रक्त आधी दिसलंच नाही. खाली इंजिनावर ठिबकलं तेव्हा दिसलं.

"अहो, सोडा! बाईमाणसावर हात काय टाकता?" कडूबा मध्ये पडले. इंद्रजीतनं त्यांच्या पोटात लाथ घातली. तोल जाताना त्यांनी हँडल धरलं, तशी गाडी स्टँडवरून सुटून त्यांच्या नडगीवर आली. हाड मोडलेलं सत्यभामाला ऐकू आलं.

इंद्रजीतनं तिकडं वळूनही पाहिलं नाही. त्यानं पट्टा काढला. ती रांगत स्वयंपाकघरात शिरली. बक्कल पाठीवर बसलं, मानेवर बसलं. मग त्यानं पट्टा तिच्या गळ्यात अडकवून आवळला. तिच्या डोळ्यांपुढं काळोख आला. फरशीवर चाचपडणाऱ्या हाताला लोखंडी बत्ता लागला.

तिनं तो न बघताच मागं हाणला. गुडघ्यावर लागला. पट्टा सैल पडला. तिनं वळून त्याच गुडघ्यावर परत हाणला आणि तो बोंबलत खाली बसला. तिचा पाय धरायला त्यानं हात पुढं केला, तर हातावर मारला. बोटं वाकडी झाली. तो सरकत भिंतीला टेकला, "सत्ये, बास, बास," म्हणू लागला. तिनं ते नीट ऐकलं आणि तरी बत्ता उचलला. खांद्यावर, बरगड्यांवर, पुन्हा खांद्यावर.

"ताई! मरंल तो! बास करा, ताई!" गाडीखाली अडकलेले कडूबा अंगणातून ओरडत होते.

बत्ता डोक्यावर उगारलेला होता. तिनं तो खाली ठेवला आणि मोरीत जाऊन भडाभडा ओकली. शेजारच्या सरूबाई धावत आल्या, तेव्हा सत्यभामा एवढंच म्हणाली, "आधी त्यांच्या पायावरची गाडी काढा."

तिघांनाही घाटी दवाखान्यात नेलं. रूपाली धापा टाकत आली. आईच्या कपाळाला टाके घातलेले, गळ्यावर काळानिळा वळ. ती कानाशी वाकून म्हणाली, "आई, झटापटीत लागलं म्हण. तो पडल्यावर मारलं असं सांगू नको."

महिला पोलीस जबाब घ्यायला आली. सत्यभामानं तिला सांगितलं, "पडल्यावरबी मारलं. बास म्हणत व्हता, तरी मारलं."

"का मारलं?"

"मीबी म्हणायचेच ना बास."

रूपालीनं तोंड फिरवलं. तिचे खांदे हलत होते.

गुन्हे दोघांवरही दाखल झाले. सत्यभामाला अटक झाली, मग जामीन झाला. कडूबांनी जबाबात पाहिलं तसं सांगितलं, तिच्या बाजूचं आणि तिच्या विरुद्धचंही. इंद्रजीत काठी घेऊन चालू लागला. तारखेला कोर्टात तो समोरच्या बाकावर बसतो. सुरुवातीला ती खाली बघायची. आता सरळ बघते, तेव्हा तो काठीकडं बघतो.

गाडी पुरावा म्हणून ठाण्याच्या आवारात पडून राहिली. उन्हानं रंग उडाला, पावसानं क्रोम गंजलं. तिच्या वकिलानं अर्ज केल्यावर कोर्टानं ती सोडली, विकायलाही परवानगी दिली. सत्यभामाला वाटलं, आता ही भंगारातच जाणार. पण ती ठाण्यात गाडी सोडवायला गेली, तेव्हा कडूबा ती विकत घ्यायला लंगडत आले.

"अशी गंजकी कशाला घेता? पाय मोडला हिनं तुमचा," ती म्हणाली.

"पाय हिनं नाय मोडला, ताई."

त्यांनी तिथंच प्लग साफ केला. गाडी खोकत खोकत चालू झाली.

"बसा, गारखेड्यापतूर सोडतो."

"नको. रिक्षानं जाते मी."

धुराचा वास नाकात शिरला, तशी ती दोन पावलं मागं सरली. ती भीती काही जाणारी नव्हती. गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत ती उभी राहिली, मग तिनं रिक्षाला हात केला. दुपारचे डबे अजून भरायचे होते.