निळ्या खड्यांची साक्ष

त्या सकाळी पॅकिंग विभागातली सगळी मशिनं बंद होती आणि तोंडं मात्र चालू होती. एरवी तिथे कुणी क्षणभर हात थांबवला तर सुपरवायझर अंगावर खेकसायचा. आज तोच सुपरवायझर चपला काढून, हात जोडून, सगळ्यांच्या पुढे उभा होता. कारण कारखान्यात निळेमहाराज आले होते.

निळी कफनी, निळा टिळा, बोटात निळी अंगठी. आदल्या संध्याकाळी महाराजांनी डोळे मिटून सगळा हॉल फिरून प्रत्येक टेबलावर एक वाटी ठेवली होती आणि प्रत्येक वाटीत मूठभर निळे खडे. आज त्या वाट्यांची पाहणी होती.

"हा खडा साधासुधा नाही, बाळांनो!" महाराज गरजले. "सात समुद्रांच्या तळाशी हा हजार वर्षं तप करत बसला होता. माझ्या गुरूंनी बुडी मारून त्याला वर आणला. त्याला सगळं दिसतं. जिथे बाधा असते, तिथे त्याचं रक्त उसळतं!"

पहिलं टेबल, खडे निळे. दुसरं, निळे. महाराज एकेक वाटी उचलत, डोळे मिटत, पुटपुटत शेवटच्या टेबलाशी पोचले. तिथे पाकिटं सील करण्याचं मशीन होतं आणि त्यावर काम करणारी मावशी भिंतीला टेकून उभी होती. महाराजांनी वाटी उचलली आणि उंच धरली.

खडे गुलाबी झाले होते. एकूण एक.

"अगं बाई!" कुणीतरी किंचाळलं. मावशीच्या शेजारी उभ्या असलेल्या दोघी झटकन बाजूला झाल्या. काल दुपारी याच दोघींनी तिच्या डब्यातली भाजी मागून खाल्ली होती.

सगळ्यात मागे उभ्या असलेल्या बाईने मात्र हात जोडले नव्हते. कारखान्यात तिला सगळे पाकीटताई म्हणत, कारण गोळ्यांचं पाकीट कशाचं आणि कसं असावं ते ती ठरवायची. या कारखान्यात कपडे धुण्याच्या गोळ्या बनत. एका धुण्याला एक गोळी, कापायचं नाही, मोजायचं नाही, नुसती मशिनात टाकायची. गोळीवरचं पातळ आवरण पाण्यात विरघळतं आणि आतला साबण मोकळा होतो. गोळी पाण्यात विरघळलीच पाहिजे आणि पाकिटात मुळीच विरघळता कामा नये, एवढं साधायला पाकीटताईने उमेदीची वर्षं घालवली होती. हवेतला ओलावा हा तिचा जुना वैरी.

आणि हल्ली तोच वैरी जिंकत होता. दुकानांतून माल परत येत होता. पाकीट उघडावं तर आत सुट्या गोळ्या नाहीत, सगळ्यांचा मिळून एक चिकट गोळा. मालक हैराण झाले होते. कुणीतरी त्यांच्या कानात दृष्ट, बाधा, करणी असं काहीबाही घातलं आणि निळेमहाराज अवतरले.

"महाराज," पाकीटताई पुढे आली, "त्यातला एक खडा जरा हातात देता?"

"खबरदार!" महाराजांनी वाटी छातीशी धरली. "अशुद्ध हात लागला तर खडा फुटेल आणि घराणं निर्वंश होईल!"

"कुणाचं? खड्याचं?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं. सुपरवायझरने वळून डोळे वटारले.

महाराजांनी निकाल दिला. मावशीचा नवरा अलीकडेच गेला होता. त्याचा जीव तिच्यात अडकलाय, तो तिच्या हातातून पाकिटांत उतरतो आणि गोळ्यांना रडू फुटतं. म्हणून त्या चिकटतात! उपाय एकच. उद्या सकाळी महाराज शुद्धी करतील, त्यानंतर या बाईने इथे पाऊल ठेवायचं नाही. मग त्यांनी सोबत आणलेल्या शेगडीवर कढई ठेवून मावशीच्या वाटीतले खडे त्या कढईत परतले. बघता बघता गुलाबी खडे पुन्हा निळे झाले आणि लोकांनी माना डोलावल्या.

मालक खाली बघत म्हणाले, "मावशी, उद्या हिशोब घेऊन जा."

जेवणाच्या सुट्टीत मावशी हात धुण्याच्या नळाशी उभी होती. साबण लावत होती, धूत होती, पुन्हा लावत होती.

"मावशी, पुरे. सालटी निघतील."

"ताई, तुम्ही शिकलेल्या. खरं सांगा. माझ्या हातात काही असेल का हो?"

"काय असणार? घट्टे आहेत."

"थट्टा नका करू. काल महाराज वाट्या ठेवताना माझ्या टेबलाशी थबकले आणि चुकचुकले. मी घरी गेले. नात पळत आली, घे म्हणाली. मी नाही घेतलं. म्हटलं, काही लागायला नको लेकराला." तिने पुन्हा साबण उचलला. "ते गेले ते माझ्याच हाताचं खाऊन गेले ना."

पाकीटताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नोकरी गेली तर दुसरी शोधता येईल, पण बाईचा स्वतःच्या हातांवरचा विश्वास एका कफनीवाल्याने उडवला होता.

ती मावशीचं मनगट धरून तिला आपल्या खोलीत घेऊन आली. फळीवर रिकामी पाकिटं, कात्र्या, वजनकाटे, आणि एक मोठी बरणी. बरणी निळ्या खड्यांनी गच्च भरलेली होती.

मावशी दोन पावलं मागे सरली. "अगं बाई, तुमच्याकडेपण?"

"माझ्याकडे पोत्याने आहेत. सिलिका जेल म्हणतात याला. नव्या बुटांच्या खोक्यात पुडी निघते ना, तेच. हवेतलं पाणी पितं. याला एक रंग दिलेला असतो, कोरडा असला की निळा, पाणी प्यायला की गुलाबी. नवीन पाकीट केलं की मी हे खडे त्यात घालून बंद करते आणि दमट जागी ठेवते. गुलाबी झाले तर पाकीट गळकं."

"मग सगळ्यांचे निळे आणि माझेच गुलाबी का?"

"तुमच्या पाठीमागे कसलं दार आहे?"

मावशी विचारात पडली. तिच्या मशिनामागचं दार धुलाईच्या चाचणीखोलीचं होतं. तिथे पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत धुण्याची मशिनं गरम पाण्यावर चालत. दार उघडलं की वाफ थेट तिच्या टेबलावर. बाकीची टेबलं हॉलच्या दुसऱ्या टोकाला, हवा कोरडी करणाऱ्या यंत्राजवळ होती.

पाकीटताई तडक मालकांच्या केबिनमध्ये गेली. मालकांनी सगळं ऐकलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "मॅडम, तुमचं शास्त्र तुमच्याजवळ. माल चिकटतोय हे तर खरं ना?"

"चिकटतोय. आणि का चिकटतोय तेही मी सांगितलं होतं. माझं तीन पदरी पाकीट तुम्ही बंद केलंत. आतला धातूचा पदर काढून हे स्वस्तातलं पारदर्शक आणलंत."

"गिऱ्हाइकाला आतले रंग दिसले पाहिजेत."

"मग आता त्याला लगदा दिसतोय."

मालकांना ते झोंबलं. चूक आपली म्हणण्यापेक्षा भुताची म्हणणं केव्हाही सोपं. "ठीक आहे," ते म्हणाले, "उद्या महाराजांसमोर दाखवा काय ते. नाही जमलं तर मावशीबरोबर तुम्हीही घरी."

"चालेल. पण तयारी आज सगळ्यांसमोर होईल."

काम सुटायच्या वेळी तिने सगळ्यांना थांबवलं. सुपरवायझरच्या टेबलावरची वाटी घेतली. खडे महाराजांचे, निळे, सगळ्यांनी पाहिलेले. तेच खडे तिने दोन पाकिटांत वाटले, एक हल्लीचं पारदर्शक, दुसरं तिचं जुनं तीन पदरी.

"मावशी, करा सील."

"मी?" मावशीने हात पदराखाली लपवले. "नको ताई."

"तुम्हीच. दुसऱ्या कुणाच्या हाताने केलं तर त्याला अर्थ नाही."

मावशीने हात पदराला पुसले आणि दोन्ही पाकिटं सील केली. पाकीटताईने ती चाचणीखोलीत एकाच दोरीला टांगली, धुण्याची मशिनं रात्रभर चालू ठेवायला सांगितलं, दाराला कुलूप लावलं आणि किल्ली सुपरवायझरच्या हातात दिली. तो महाराजांचा भक्त, त्याच्यावर तरी कुणी शंका घेणार नव्हतं.

सकाळी शुद्धीसाठी महाराज आले. सगळे जमले होते. सुपरवायझरने कुलूप काढलं आणि दोरी बाहेर आणली.

पारदर्शक पाकिटातले खडे गडद गुलाबी झालेले लांबूनही दिसत होते.

महाराजांच्या चेहऱ्यावर दिवाळखोराला खजिना सापडल्यासारखा आनंद पसरला. "पाहिलंत? पाहिलंत, मूढांनो? माझी परीक्षा घ्यायला निघालात! हिचा हात लागला आणि खडा पेटला!"

मावशीने डोळे मिटले. गर्दी कुजबुजली. मालकांनी पाकीटताईकडे पाहिलं, आता बोला, अशा नजरेने.

पाकीटताई शांतपणे म्हणाली, "महाराज, हे दुसरं पाकीटही याच हातांनी सील केलंय."

"सगळी हिचीच करणी!"

"म्हणजे यातलेही खडे गुलाबी झाले असणार?"

"असणार म्हणजे? रक्तासारखे लाल!"

"नक्की ना? नंतर म्हणाल दृष्टी धूसर होती."

"माझा शब्द म्हणजे दगडावरची रेघ!"

पाकीटताईने कात्री सुपरवायझरला दिली. त्याने पाकिटाचा कोपरा कापला आणि खडे ताटात ओतले.

निळे. कालच्याइतकेच निळे.

सुपरवायझरने एक खडा उचलून उजेडात धरला, मग दुसरा. महाराजांचा शब्द म्हणजे रेघ होतीच, पण पाण्यावरची.

"त्याचं असं आहे," महाराज घसा खाकरत म्हणाले, "या पाकिटात धातू आहे. धातू पवित्र. धातूतून बाधा आत शिरत नाही."

"वा!" पाकीटताईने टाळीच वाजवली. "मग मावशीला कशाला काढायचं? पाकीट बदला! महाराजांनीच उपाय सांगितला!"

आता मात्र हॉल खदखदून हसला. मालकांचे कान लाल झाले, खड्यांपेक्षा जास्त.

हसू ओसरायच्या आत तिने ताटातल्या एका निळ्या खड्यावर बोटाने पाण्याचा थेंब सोडला. तड असा बारीक आवाज झाला आणि खडा गुलाबी झाला. "ही घ्या बाधा. नळाला येते. शेगडीवर परतला की पाणी उडतं आणि पुन्हा निळा. ही झाली शुद्धी. वाफेच्या दाराशी वाटी ठेवली की गुलाबी, कोरड्या जागी ठेवली की निळा. महाराज वाट्या ठेवण्याआधी डोळे मिटून सगळा हॉल फिरले होते, आठवतंय? डोळे मिटले होते, पण नाक उघडं होतं. वाफ कुठे येते ते त्यांना बरोबर कळलं. आणि सात समुद्रांच्या तळाशी बसलेला खडा म्हणे! थेंबभर पाण्याने याचं धाबं दणाणतं, तिथे हजार वर्षं काय डोंबल तप केलं असेल?"

"ताई," एका बाईने घाबरत विचारलं, "महाराजांनी सांधेदुखीवर हा खडा पाण्यात टाकून ते पाणी प्यायला सांगितलंय मला."

"एक घोटही पिऊ नका. या निळ्या रंगात विषारी क्षार असतो. प्यायला असाल तर आत्ता माझ्याबरोबर डॉक्टरकडे चला."

"अजून नाही प्यायले," ती म्हणाली आणि मग तिचीच नजर बदलली. तिने महाराजांकडे बघितलं. बाकीच्यांनीही बघितलं. महाराज कफनी सावरत दाराकडे सरकू लागले, तर दारात सुपरवायझर उभा होता. चपला पायात घालून.

"हात लावू नका त्यांना," पाकीटताई म्हणाली. "मी पोलिसांना बोलावते, समुद्राची गोष्ट महाराजांना तिथेच सांगू दे. मारलंत तर उद्या तेच हुतात्मा होतील आणि तुम्ही गुन्हेगार."

मालक पुढे आले. "मॅडम, झालं ते झालं. आपण आत बसून बोलू."

"नाही साहेब. काल इथे सगळ्यांसमोर बोलणं झालं, आजही इथेच होईल." मग ती लोकांकडे वळली. तिचा आवाज चढला होता आणि तिने तो उतरवला नाही. "राग तुमचाही आलाय मला. एका वाटीतले खडे रंगले आणि तुम्ही वर्षानुवर्षं शेजारी बसलेल्या बाईपासून लांब सरलात. कुणी विचारलं का, हिचीच वाटी का? ती वाटी दुसऱ्या टेबलावर ठेवून तरी बघितली का? त्याला काही शास्त्र शिकावं लागत नाही, नुसती वाटी उचलावी लागते. पुन्हा कुणी असं नवल घेऊन आला तर आधी ते हातात मागा. जागा बदलून बघा, माणूस बदलून बघा. जो हात लावू देत नाही, त्याच्या पाया पडू नका."

काल बाजूला झालेल्या दोघी खाली बघत होत्या.

मालकांनी खिशातून रुमाल काढला, मान पुसली. "मावशी, बसा मशीनवर. जुनं पाकीट पुन्हा सुरू करतोय. झालं समाधान?"

मावशी जागची हलली नाही. तिने पदराखालचे हात बाहेर काढले होते.

"नाही झालं," ती म्हणाली. "काल तुम्ही सगळ्यांदेखत मला बाधा म्हणून हाकललंत. आज सगळ्यांदेखत सांगा, हिच्या हातात काही नाही म्हणून. माझा माणूस आजाराने गेला. माझ्या हातांनी नाही."

मालकांनी इकडेतिकडे पाहिलं. मदतीला कुणी आलं नाही.

"तुमच्या हातात काही नाही, मावशी," ते पुटपुटले.

"ऐकू नाही आलं," शेजारच्या दोघींपैकी एक म्हणाली.

"मावशींच्या हातात काही नाही!" मालक मोठ्याने म्हणाले. "चूक माझी होती. पाकिटाची होती."

मावशीने मान हलवली, मशिनाचं बटण दाबलं आणि पहिलं पाकीट सील केलं.